राजवचनांच्या तबकड्या रुखवतात गेल्या, त्याची हकीकत

प्रथम नमन त्या देवीस, जी माणसास विसर पाडिते आणि नाती टिकविते; तिचे देऊळ कोठे नाही, कारण बांधावयाचे सर्वांच्या ध्यानातून गेले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात ही गोष्ट जाहली. राज्याचे नाव लिहावे तर लेखकाचे घर उन्हात बांधले जाईल, सबब लिहीत नाही. तेथे श्रीमंत महाराज राज्य करीत होते, ते शूर, दानशूर आणि पंगतीस बसले म्हणजे अतिशूर. वडिलार्जित शिरस्ता ऐसा की, सिंहासनावरून जो शब्द निघेल तो राजवचन, आणि राजवचन वाया जाऊ देऊ नये. सबब आजेसाहेबांचे वेळी कारकून ते कागदावर उतरीत, थोरल्या महाराजांचे वेळी यंत्र आले, आणि मग राजवचने चकचकीत तबकड्यांवर साठवू लागले, ज्यांस प्रजाजन सीडी म्हणतात. परंतु महाराजांचे मुखी अष्टौप्रहर विडा, त्यातून शब्द निघे तो निम्मा कात आणि निम्मा चुना, आणि यंत्रास काही उमगेना. मग तोड ऐसी काढिली की, दफ्तरदाराने यंत्राचे तोंडाशी बसावे, महाराज पुटपुटतील ते कान देऊन ऐकावे, आणि खणखणीत आवाजात जसेच्या तसे उच्चारावे. मध्ये 'महाराज म्हणतात' ऐसे घालू नये, तेणेकरून तबकडीवरील जागा फुकट जाते. काटकसरीत ते राज्य पहिल्यापासून पुढे.

दफ्तरदार विसोपंत म्हणून होते. अंगाने काटकुळे, स्वभावे गरीब, आणि आवाज मात्र ऐसा की देवडीवर खोकले तर घोड्यांनी कान टवकारावे. ऐन उमेदीत ते यंत्रापुढे बसले ते केस पिकेतो तेथेच बसले, आणि दुसऱ्याचे शब्द उच्चारता उच्चारता आपुले काही बोलावयाची सवयच मोडली. घरी अन्नपूर्णाबाई विचारीत, "भाजी कशी झालीय?" तर पंत म्हणत, "तुमचं काय मत आहे?" बाई म्हणत, "अळणी झालीय." मग पंत तेच वाक्य मोठ्याने म्हणत आणि पानाकडे पाहून जेवीत. पोटी संतान नव्हते. महाराजांची कन्या कमळजाराजे लहानपणी दफ्तरात खेळावयास येत, पंतांच्या बैठकीवर लोळून बाराखडी गिरवीत, आणि त्यांस 'पंतकाका' म्हणत. पंतांचा जीव त्या पोरीत अडकला होता, हे सर्वांस ठाऊक होते, फक्त पंतांनी कोणास सांगितले नव्हते.

आता शेजारी राज्य होते, तेथील राव आणि आमचे महाराज यांचे सीमेवरील एका चिंचेवरून वैर. चिंच कोणाची हे ठरेना, आणि महाराजांस सकाळी जाग आली की प्रथम रावांची आठवण होई. मग सिंहासनी बसून पुटपुटत, आणि पंत खणखणीत आवाजात म्हणत, "रावाची अक्कल गुडघ्यात, आणि गुडघेही दुखरे." पुढे म्हणत, "रावाच्या मिशा म्हणजे पावसात भिजलेला कुंचा." पुढे म्हणत, "त्याच्या फौजेत घोडे थोडे आणि शिंका फार. त्याच्या सिंहासनात ढेकूण आहेत, आणि तेही त्यास कंटाळून बिऱ्हाड बदलू पाहतात." ऐसे वर्षानुवर्षे चालले. पंतांचे काम चोख, सबब प्रत्येक तबकडीवर काळ्या शाईने सुवाच्य अक्षरी लिहीत, 'राजवचन. विषय: शेजारचे राव', आणि फळीवर लावून ठेवीत. पुढे नवे कारकून आले, त्यांनी राजवचने आकाशातील ढगांत ठेवण्याची विद्या आणिली. ती तेथे नेमकी कोठे आहेत हे कारकुनांसही ठाऊक नाही, म्हणून ती निर्धोक. जुन्या तबकड्या फळीवर धूळ खात पडल्या.

मग नवल वर्तले. सीमेवरील जत्रेत कमळजाराजे आणि रावांचे चिरंजीव एकमेकांस भेटले, आणि वैर कशावरून आहे हे पाहावयास दोघे मिळून त्या चिंचेखाली गेले, आणि चिंचा खाऊन आले, आणि पुन्हा गेले. कन्येने घरी येऊन स्वच्छ सांगितले, "आबासाहेब, लग्न करीन तर तिथेच. नाहीतर मला स्थळं बघू नका." महाराज चार दिवस जेवले नाहीत, म्हणजे एरवीपेक्षा कमी जेवले, आणि मग कबूल जाहले. रावही कबूल जाहले. माघ मासीचा मुहूर्त धरिला, आणि चौघडा झडला, आणि चौघडा झडत असताच महाराजांच्या घशात विडा अडकला. त्यांस तबकड्यांची आठवण जाहली.

तत्काळ विसोपंतांस आत बोलाविले, दारे लाविली, आणि महाराज विडा गालात सारून बोलिले, "पंत, व्याह्यांविषयी आम्ही जे जे बोललो, ते सगळे..."

पंत सवयीने खणखणीत म्हणाले, "व्याह्यांविषयी आम्ही जे जे बोललो, ते सगळे..."

"हळू हो! आता तरी परत बोलू नका! त्या तबकड्या नाहीशा करा. अशा करा की पुन्हा कोणास लावता येऊ नयेत. एक जरी उरली आणि व्याह्यांचे कानी गेली, तर लग्न मोडेल, पोर जन्मभर तोंड पाहणार नाही, आणि तुमचा कडेलोट होईल. तिन्हींचे आम्हांस वाईट वाटेल. पहिल्या दोहोंचे अधिक."

मग दुसरे दिवशी गुप्त मसलत बसली, गुप्त म्हणून सर्वांस चहा देण्यात आला. मुदपाकाचे हवालदार म्हणाले, जाळा. मग परसात एक तबकडी पेटविली, तिचा ऐसा काळा धूर निघाला की राणीसाहेबांचे वाळत घातलेले पापड कोळशासारखे जाहले, आणि राजवैद्य नाकास उपरणे लावून धावत आले आणि म्हणाले, हा धूर पोटात गेला तर लग्नाऐवजी सुतक पाळावे लागेल. मग कोणी म्हणाले, तलावात सोडा. त्यावर उत्तर आले की उन्हाळ्यात तलाव आटतो, तेव्हा राजवचने चिखलात चमकतील आणि प्रजा वेचून नेईल, आणि मासळीचे पोटात जाईल ते निराळेच. कोणी म्हणाले, खिळ्याने ओरखडे काढा. तर बाजारात ओरखडे घासून काढणारी दुकाने आहेत आणि तबकडी पुन्हा सुरू होते, ऐसे एका कारकुनाने सांगितले, त्याची सून तसे गाण्यांच्या तबकड्यांस करी. मग हत्तीण चंपाकळी आणिली, तबकड्या अंगणात पसरिल्या, तिने त्यांत आपुले तोंड पाहिले, पुन्हा पाहिले, कान हलविले, मान तिरपी केली, आणि मग माहुताने अंकुश लाविला तरी पाऊल टाकीना, तेथेच उभी राहून संध्याकाळपर्यंत नट्टापट्टा पाहत राहिली. अखेर ठरले ऐसे की, जाड कापडात गुंडाळून पकडीने मोडाव्या, बारीक तुकडे करावे, आणि तुकडे एके ठिकाणी न ठेविता वेगवेगळ्या पोत्यांत घालून वाटेस लावावे. मसलत योग्य होती. तैसे त्याच दिवशी केले असते तर ही हकीकत लिहावी लागली नसती.

परंतु त्याच सकाळी वाड्यापुढे मुहूर्तमेढ रोवली गेली होती. पंतांनी पकड हाती घेतली आणि पहिल्या तबकडीस लाविली, तो राजजोशी हां हां म्हणत आडवे आले आणि म्हणाले, "अहो पंत, काय करता? मेढ रोवलीय. लग्नघरात आता काही फोडायचं नाही, मोडायचं नाही. कपाची कड उडाली तरी मला शांत करावी लागते. वरात निघेपर्यंत थांबा." पंतांनी उभ्या जन्मात कोणाचा शब्द मोडिला नव्हता, तो येथे कैसा मोडतील? पकड खाली ठेविली. तबकड्या पोत्यात भरिल्या, पोत्याचे तोंड शिवले, आणि कोठीघरात तांदळाचे मागे ठेवून दिले. रात्री महाराजांनी भुवई उडवून विचारले, तेव्हा पंतांनी मान हलविली. ती मान होकारार्थी हलली. इतकी वर्षे होय म्हणावयाची सवय, दुसरी दिशा मानेस ठाऊक नव्हती.

आता लग्नाचे रुखवत महाराजांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब यांचेकडे होते. आक्कासाहेब ऐशा की, फुटक्या बरणीत तुळस लावतील, जुन्या शालूचे पडदे करतील, पडद्यांच्या पिशव्या करतील, आणि पिशव्या फाटल्या म्हणजे त्यांच्या बाहुल्या करून लहान मुलींस देतील, मुली रडल्या तरी देतील. टाकाऊतून टिकाऊ, हा त्यांचा मंत्र. रुखवतात साखरेची गलबते, खोबऱ्याचे वृंदावन, मोत्यांचे नारळ ऐसे सर्व जाहले होते, फक्त मुख्य देखावा सुचत नव्हता. मग त्या तांदूळ पाहावयास कोठीघरात गेल्या, आणि पोत्यास उंदराने पाडिलेल्या भोकातून काही चमकले, आणि आक्कासाहेबांच्या अंगात संचार जाहला. कोणास काही विचारावे ऐसा त्यांचा स्वभाव नव्हता.

सीमांतपूजनाचे दिवशी, ऊन कलते वेळी, वाजंत्री लावून रुखवत जानवशाकडे निघाले, जेथे वऱ्हाड उतरले होते. पंत देवडीपाशी उभे राहून कौतुकाने पाहत होते. प्रथम गलबते गेली, मग वृंदावन गेले, आणि मग आठ जणांनी उचललेला मोर आला. मोर कापसाचा, डोळे गुंजांचे, आणि पिसारा म्हणजे तबकड्याच तबकड्या, भोकातून जरीचा दोरा ओवून एकास एक जोडलेल्या, आणि उन्हात ऐशा झळाळत होत्या की बायका डोळ्यांवर पदर धरीत. पंतांनी तबकड्या ओळखिल्या. ते धावले, पालखीच्या चालीने चाललेल्या मोराच्या मागे धावले, आणि शेवटचे पीस धरून ओढू लागले. आक्कासाहेबांनी त्यांच्या हातावर चापट दिली.

"काय रे विसोबा, वय काय, करतोस काय? लहान पोरासारखा हात लावतोस!"

"आक्कासाहेब, हा मोर मागे न्या. पाया पडतो."

"मागे? रुखवत निघालं की मागे वळतं का कधी? आणि का म्हणून न्यायचं? महिनाभर बोटं दुखली माझी."

"त्यात... त्यात..." पंत पुढे बोलू शकेनात. खरे सांगावे तर महाराजांची अब्रू जाते, आणि खोटे सांगावे तर कोणी आधी उच्चारून दिल्यावाचून त्यांस येत नाही.

"त्यात काय? अरे, फुकट पडलं होतं पोतं. भोकंसुद्धा आयती पाडलेली!" ऐसे म्हणून आक्कासाहेब पुढे गेल्या, आणि मोराने जानवशाचा उंबरा ओलांडिला, आणि पंत मागोमाग गेले.

जानवशात बायकांची एकच गर्दी. रावांच्या राणीसाहेब, म्हणजे आता विहीणबाई, त्यांनी मोर पाहिला आणि तोंडावर हात ठेविला. परंतु भरतकाम असो की विणकाम, ते उलटे करून मागून कैसे शिवले आहे हे पाहिल्यावाचून बायकांचे समाधान होत नाही, आणि विहिणीने विहिणीकडचे काम तर पाहावेच पाहावे. सबब त्यांनी एक पीस उलटले. मागे काळ्या शाईची सुवाच्य अक्षरे. विहीणबाई मोठ्याने वाचत्या जाहल्या, "राजवचन. विषय: शेजारचे राव." मग दुसरे उलटले, तेच. तिसरे उलटले, तेच. मग त्यांनी पदर सावरून हाक मारिली, "अहो, इकडे या! व्याह्यांनी सगळी तुमचीच स्तुती भरून दिलीय हो! अख्ख्या पिसाऱ्यात!"

राव आले. देह भारदस्त, मिशा खरोखरच काहीशा ओल्या कुंच्यासारख्या. त्यांचा ऊर ऐसा भरून आला की बाराबंदीचा बंद तुटला. म्हणाले, "आम्ही इतकी वर्षे उगाच वैर धरले. काय दिलदार माणूस! लावा, आत्ता लावा, सगळ्यांना ऐकू दे." त्याच वेळी महाराज सीमांतपूजनास सहकुटुंब दारी येऊन ठेपले होते, हाती गंधाक्षतांचे तबक, गाली विडा. राव त्यांस कडकडून भेटले आणि मानाचे गादीवर बसविले. महाराजांस वाटले हे पूजनाचे कौतुक. मग संगणक आला, ध्वनिवर्धक आले, एक पीस सोडवून आत सरकविले, आणि सारे वऱ्हाड कान टवकारून बसले. विसोपंत खांबास धरून उभे होते.

प्रथम दूर कोठे म्हैस रवंथ करीत आहे ऐसा आवाज आला. मग खणखणीत शब्द आले, "रावाची अक्कल गुडघ्यात, आणि गुडघेही दुखरे." पुन्हा म्हैस. मग मिशांचे आले, मग शिंकांचे आले, मग ढेकणांचे आले, आणि ध्वनिवर्धक नवे होते म्हणून एक अक्षर गाळले गेले नाही. वाजंत्र्यांनी सनया खाली ठेविल्या. रावांचा हात मिशीवर गेला, तेथून तलवारीवर गेला. ते उठले आणि म्हणाले, "बंद करा. हा आवाज कोणाचा?"

महाराजांनी पंतांकडे पाहिले. त्या पाहण्यात आज्ञा होती, विनवणी होती, आणि कात होता. पंतांनी महाराजांकडे पाहिले नाही. पडद्याआड मेंदी भरल्या हातांनी पडद्याची कड घट्ट धरून कमळजाराजे उभ्या होत्या. हा आवाज कोणाचा आणि शब्द कोणाचे, हे त्या लहानपणापासून जाणत होत्या. पंतांस कळले की खरे सांगितले तर आपुली मान सुटते आणि हिचे लग्न आत्ता, या बैठकीवर मोडते. ते पुढे आले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"आवाज माझा," पंत म्हणाले, "आणि शब्दही माझेच. महाराजांस यातले काही ठाऊक नाही."

महाराजांनी कित्येक वर्षांत प्रथमच तोंडातील विडा थुंकला आणि स्वच्छ, स्पष्ट, शेवटच्या रांगेस ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलिले, "नमकहराम! उद्या सकाळी याचा कडेलोट करा!" लोकांस आश्चर्य वाटले, महाराजांस इतके चांगले बोलता येते हे कोणास माहीत नव्हते.

पडद्याआडून हुंदका आला. तो रावांनी ऐकला, आणि काही वेळ त्या बाजूस पाहत राहिले, आणि मग तलवारीवरील हात काढून म्हणाले, "थांबा व्याही. शिव्या आम्हांस रुखवतात आल्या. मग शिव्या देणाराही रुखवतातलाच. जानवशाचा उंबरा ओलांडून आलेली वस्तू परत जात नाही. हा माणूस आमचा. याचे काय करायचे ते आमच्या घरी पाहू." महाराज लगेच कबूल जाहले, वस्तू आपुली नसली की ते फार उदार. दुसरे दिवशी अक्षता पडल्या, आणि वरात निघाली, आणि वरातीच्या शेवटी मोराच्या शेजारी गाडीत विसोपंत बसले, आणि अन्नपूर्णाबाई रडत रडत लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ बसल्या.

रावांचे राज्यात पोहोचल्यावर तिसरे दिवशी सकाळी पंतांस मागील अंगणात बोलाविले. पंत घरच्यांचा निरोप घेऊन गेले, परत येऊ ऐसे वाटत नव्हते. पाहतात तो अंगणात चिरगुटांचा ढीग, पिसाऱ्यावरून उतरविलेल्या तबकड्या, दोन पकडी, दोन रिकामी पोती, आणि राव स्वतः जाड भिंगांचा चष्मा लावून पाटावर बसलेले. मिशा बारीक कातरलेल्या होत्या.

"बसा," राव म्हणाले. "तुमच्यासाठी दुसरा चष्मा ठेवलाय, तो लावा. तुकडा उडाला तर डोळा जाईल."

मग दोघे तबकडी चिरगुटात गुंडाळून मोडू लागले, कडाड् आवाज होई, मग पुन्हा तुकड्यांचे तुकडे करीत, आणि निम्मे या पोत्यात आणि निम्मे त्या पोत्यात टाकीत. मग राव म्हणाले, "पंत, रागावलेला माणूस अडखळतो. तुम्ही शब्द तोलून तोलून बोलत होता, आणि प्रत्येक शिवीच्या आधी विडा चघळणारी म्हैस होती. मला काय कळत नाही? अक्कल गुडघ्यात असली तरी आहे." पंतांच्या हातातील पकड थांबली. राव म्हणाले, "भिऊ नका. सूनबाईच्या कानी बापाचे हे शब्द पुन्हा पडायला नकोत, म्हणून हे मोडतोय. आणि मिशांचं खरं होतं. इतकी वर्षे विचारत होतो, सगळे म्हणायचे सिंहासारख्या आहेत."

"जी," पंत म्हणाले.

"जी नको. जन्मभर दुसऱ्याचं बोललात. आता एक वाक्य तुमच्या पोटातलं बोला. काहीही. शिवी दिलीत तरी चालेल."

पंतांनी सवयीने रावांच्या तोंडाकडे पाहिले, परंतु तेथून काही आले नाही. मांडीवरच्या तुकड्यांकडे पाहिले. एक तबकडी उचलली, मोडली, दुसरी मोडली, आणि मग त्यांचा तो घोड्यांनी कान टवकारावे ऐसा आवाज एकदम लहान जाहला.

"पोर रागावली की जेवत नाही," पंत म्हणाले. "आणि जेवली नाही हे कोणाला सांगत नाही. पानात चिवडत बसते, आणि आपल्याला वाटतं जेवली. पंगतीत एकदा तिच्या पानाकडे बघत जा." मग थोडे थांबून म्हणाले, "मला फार माया आहे तिची." आणि रडू लागले, आणि चष्मा लाविला होता म्हणून डोळे पुसता येईनात. रावांनी त्यांच्या हातातील पकड काढून घेतली आणि उरलेल्या तबकड्या एकट्याने मोडल्या.

एवं कथा संपूर्ण. तात्पर्य काढणे जुन्या लेखकांचे काम, तथापि थोडक्यात ऐसे की, जुन्या तबकड्या जाळू नयेत, पाण्यात सोडू नयेत, पोत्यात घालून मुहूर्ताची वाट पाहू नये, आणि आक्कासाहेबांसारखे कोणी घरी असल्यास विशेष जपावे. डोळ्यांस चष्मा लावून, आपुल्या हाताने, आपुल्या डोळ्यांदेखत, बारीक मोडाव्या, आणि तुकडे वितळवून नवे घडविणाऱ्या कारखान्यात द्यावे. रावांनी तैसे दिले. मोर कापसाचा तेवढा उरला, तो पिसाऱ्यावाचून कोंबडीसारखा दिसतो. चिंच दोन्ही राज्यांची ठरली. महाराज हल्ली ढगांत बोलतात. सूनबाईंच्या पानाकडे राव रोज एकदा पाहतात, आणि पान चाटूनपुसून रिकामे असते. बाकी दोन्हीकडे राज्यकारभार होता तैसा चालला आहे, त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही.